उधाण, भांग आणि कोसाइन

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला पंचांग पुरते. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या सुमाराला पाणी पूर्ण चढलेले असते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हिशोब ढोबळ आहे, पण होडी काढायला तेवढा बास. त्यातून एक गोष्ट मात्र कळत नाही, ती म्हणजे पाणी नेमके किती चढणार. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, एवढेच हाती येते. मचव्याचे त्यावर भागते. खोल बुडाच्या लोखंडी आगबोटीचे भागत नाही.

१८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई युरोपच्या जवळ आली. मोठ्या आगबोटींची वर्दळ वाढली, तशा गोद्या बांधाव्या लागल्या. १८७५ मध्ये ससून डॉक झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक. असल्या गोदीचे दार भरतीच्या वेळी उघडतात आणि पाणी आत कोंडून घेऊन पुन्हा लावतात. गोदीच्या उंबरठ्यावर आज दुपारी किती पाणी असेल, यावर बोट आत येणार की बाहेर नांगर टाकून पडून राहणार हे ठरते. आजचे तर कुणीही काठी रोवून सांगेल. व्यापाऱ्याला हवे होते पुढच्या वर्षीच्या अमुक तारखेचे, तेही वितीच्या हिशोबात. हे उत्तर शेवटी मिळाले ते आज अकरावीची मुले कुरकुरत पाठ करतात त्या त्रिकोणमितीच्या सूत्रांतून. ते कसे मिळाले, त्याची ही हकीकत.

भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीने होते हे न्यूटनने १६८७ मध्येच मांडले होते. पण कारण कळले म्हणून वेळापत्रक तयार होत नाही. समुद्राचा तळ वेडावाकडा, किनारा दंतुर, आखातांची तोंडे अरुंद. चंद्राची तीच ओढ मुंबईला पाणी साधारण चार-साडेचार मीटर चढवते आणि खंबातच्या आखातात भावनगरला भरती-ओहोटीत दहा मीटरहून जास्त फरक पाडते. हे आकडे निव्वळ सिद्धान्तातून काढणे कुणालाच जमले नव्हते.

मग लोकांनी जमेल तसे मार्ग काढले. लिव्हरपूलमध्ये होल्डन घराण्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात भरतीची कोष्टके छापायला सुरुवात केली. ती चांगली निघायची, आणि कृती घरातल्या घरात ठेवलेली असे. १८३० च्या दशकात लबक आणि व्ह्युएल या दोघा इंग्रज विद्वानांनी काम उघड्यावर आणले. लंडनच्या गोदीत नोंदवलेल्या १९ वर्षांच्या भरत्या घेऊन, चंद्र माथ्यावर येण्याची वेळ आणि भरतीची वेळ यांची सांगड त्यांनी घातली. इंग्लंडपुरते ते ठीक चालले. अटलांटिकच्या त्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन्ही भरत्या जवळजवळ सारख्या असतात.

हिंदी महासागराची तऱ्हा वेगळी. इथे दिवसातली एक भरती मोठी, दुसरी लहान. आणि कुठली मोठी हेही ऋतूप्रमाणे पालटते. लंडनच्या अनुभवावर बेतलेली पद्धत इथे तोकडी पडली. माझ्या मते पुढच्या साऱ्या घडामोडींचे खरे कारण हेच आहे. थेम्सच्या मुखाशी जे काम कसेबसे निभावत होते ते मुंबई-कराचीला निभावेना, आणि नवी पद्धत तिथे नुसती शोभेची न राहता गरजेची झाली.

ती पद्धत विल्यम थॉमसनची. हाच पुढे लॉर्ड केल्विन झाला. १८४० मध्ये, पंधरा-सोळा वर्षांचा असताना, त्याने फूरिएचा उष्णतेवरचा १८२२ चा ग्रंथ वाचून काढला आणि जन्मभर त्याची भूल उतरली नाही. फूरिएचे म्हणणे थोडक्यात असे: पुन्हापुन्हा येणारा कुठलाही आलेख, तो कितीही खडबडीत दिसो, साध्या साइन-कोसाइन तरंगांची बेरीज करून उभा करता येतो. साधा तरंग म्हणजे ज्याला तीनच गोष्टी असतात: किती उंच उठतो तो आयाम, किती वेळाने परत येतो तो आवर्तकाल, आणि घड्याळ सुरू केले तेव्हा तो कुठे होता ती कला.

१८६७ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने भरतीच्या अभ्यासासाठी समिती नेमली आणि थॉमसनने हा विचार समुद्राला लावला. सूर्य-चंद्राच्या गतीतली प्रत्येक अनियमितता वेगळी काढायची, आणि तिच्यासाठी विषुववृत्तावर समान वेगाने फिरणारा एक काल्पनिक चंद्र कल्पायचा. प्रत्येक काल्पनिक चंद्र एक शुद्ध तरंग उठवतो. मुख्य चंद्राचा तरंग, ज्याला आज एम-२ म्हणतात, ताशी २८.९८४ अंश चालतो, म्हणजे १२ तास २५ मिनिटांनी परत येतो. सूर्याचा एस-२ ताशी बरोबर ३० अंश, बारा तासांनी परत. दिवसातून एकदाच येणारे के-१ आणि ओ-१ हे दोन तरंग दिवसातल्या दोन भरत्यांमध्ये उणे-अधिक करतात. असे आणखी कितीतरी. वेग सगळे खगोलशास्त्राने आधीच अचूक दिलेले आहेत. प्रत्येक बंदराने सांगायचे ते इतकेच, की आपल्याकडे त्या त्या तरंगाचा आयाम किती आणि कला किती.

आता उधाणाकडे पाहा. एम-२ आणि एस-२ हे दोन टाळकऱ्यांसारखे आहेत, ताल एकच पण एकाची लय किंचित संथ. कधी टाळ एकदम पडतात, मग हळूहळू सुटत जातात आणि काही वेळाने एकाच्या ठोक्यावर दुसऱ्याची मोकळी जागा येते. दोघांच्या वेगात ताशी १.०१६ अंशांचा फरक आहे. ३६० ला त्याने भागले की ३५४ तास येतात, म्हणजे पावणेपंधरा दिवस. अमावास्या ते पौर्णिमा हे अंतर नेमके तेवढेच. अकरावीचे सूत्र हेच सांगते: कोसाइन अ + कोसाइन ब = २ × कोसाइन (अ+ब)/२ × कोसाइन (अ−ब)/२. पहिला कोसाइन ही रोजची भरती. दुसरा, फरकाच्या निम्म्याने सरकणारा संथ कोसाइन, त्या भरतीचा आयाम पंधरवड्यात फुगवतो आणि उतरवतो.

सूत्र समान आयामांसाठी आहे, आणि समुद्र इतका आज्ञाधारक नाही. मुंबईला एम-२ चा आयाम सुमारे १.२३ मीटर, एस-२ चा सुमारे ०.४८. दोघे जुळले की १.७१, विरोधात गेले की ०.७५. म्हणजे या दोनच तरंगांच्या हिशोबाने उधाणाला पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी यांत सुमारे ३.४ मीटरचे अंतर आणि भांगाला दीड मीटरचे. दोन्ही आयाम सारखे असते तर भांगाच्या दिवशी पाणी जागचे हललेच नसते.

पण बंदराचा आयाम आणि कला काढायची कशी? समुद्र तर सगळ्यांची मिळून एकच उंची दाखवतो. इथे त्रिकोणमितीची दुसरी नित्यसमानता कामाला येते: दोन कोसाइनचा गुणाकार म्हणजे त्यांच्या कोनांच्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्या कोसाइनची निम्मी बेरीज. समजा वर्षभर दर तासाला पाण्याची उंची टिपली. त्या प्रत्येक उंचीला एम-२ च्या वेगाने चालणाऱ्या कोसाइनने गुणा आणि साऱ्याची सरासरी घ्या. समुद्रातले जे तरंग वेगळ्या वेगाचे आहेत त्यांच्या गुणाकारातून दोन नवे तरंग निघतात, वर्षभर वर-खाली होतात आणि सरासरीत जवळपास शून्य होऊन जातात. फक्त एम-२ स्वतःशी गुणला जातो. त्याच्या कोनांची वजाबाकी बदलतच नाही, म्हणून तेवढाच भाग निम्म्याने उरतो. हेच साइन घेऊन पुन्हा करा. दोन्ही उत्तरांतून आयाम आणि कला दोन्ही मिळतात. इतक्या तरंगांच्या गोंगाटातून एकट्याला हुडकून काढणारी ही युक्ती मला गणितातल्या सुंदर गोष्टींपैकी वाटते, आणि शाळेत ती बहुधा ‘सिद्ध करा’ या दोन शब्दांखाली गाडली जाते.

या नित्यसमानतेने त्याआधीही पोट भरले होते. लॉगरिदम निघाले १६१४ मध्ये. त्यापूर्वी, १५८० च्या सुमाराला, डेन्मार्कच्या ह्वेन बेटावर टायको ब्राहे आणि त्याच्याकडे आलेला पॉल विटिख मोठमोठे गुणाकार टाळण्यासाठी हेच सूत्र वापरत. कोष्टकात पाहायचे, बेरीज-वजाबाकी करायची, निम्मे करायचे. आणि दोन कोनांच्या बेरजेची ज्या, म्हणजे साइन, कशी काढावी हे भास्कराचार्यांनी ‘ज्योत्पत्ती’त दिले आहे; त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा. आपल्याकडे हा उल्लेख अभिमानाने येतो आणि तिथेच थांबतो. भास्कराचार्यांना ती सूत्रे हवी होती ग्रहगणितासाठी, अचूक ज्याकोष्टके बनवायला. त्यांच्यासाठी ते कामाचे हत्यार होते.

हिंदुस्थानात हे काम आले कच्छमधून. १८१९ च्या भूकंपात रणाच्या कडेला जमीन उचलली गेली होती, अल्लाबंद म्हणतात तो उंचवटा तेव्हाचा. तिथली जमीन समुद्राच्या तुलनेत अजून वर-खाली होते आहे का, हे सर्व्हे खात्याला पाहायचे होते. त्यासाठी समुद्राची सरासरी पातळी पक्की हवी, आणि तिच्यासाठी भरती-ओहोटीची सलग नोंद. कॅप्टन ए. डब्ल्यू. बेयर्ड या इंजिनिअर अधिकाऱ्याने १८७३ ते १८७५ या काळात कच्छच्या आखातात ओखा, हंस्थल आणि नवानार इथे भरतीमापक बसवले. समुद्राशी जोडलेल्या उभ्या नळकांड्यात तरंगता गोळा, त्याला बांधलेली तार, आणि घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या कागदी पिंपावर रेघ ओढणारी पेन्सिल. चिखल आणि खाऱ्या वाऱ्यात ते चालू ठेवणे हीच मोठी कामगिरी होती.

१८७७ मध्ये सरकारने हे काम साऱ्या किनाऱ्यावर पद्धतशीर सुरू करायचे ठरवले. एडन, कराची, मुंबई, कारवार, मद्रास, रंगून, पोर्ट ब्लेअर अशा बंदरांत मापके आली. मुंबईचे अपोलो बंदरावर, १८७८ मध्ये. या विभागाची कचेरी पुण्यात होती. किनाऱ्यावरून कागद यायचे, त्यावरची तासातासाची उंची वाचायची आणि रकाने भरायचे. एका बंदराच्या एका वर्षाचे साडेआठ हजारांहून जास्त आकडे. ते आधी सूर्याच्या तासांप्रमाणे मांडायचे, मग चंद्राच्या तासांप्रमाणे, मग के-१ च्या, ओ-१ च्या. प्रत्येक मांडणीत उभ्या बेरजा. चंद्राच्या तासांप्रमाणे मांडून सरासरी काढली की बाकीचे तरंग आपोआप पुसले जातात. वरच्या गुणाकाराच्या युक्तीचेच हे कारकुनी रूप. ज्या कारकुनांनी या बेरजा केल्या त्यांची नावे ठळक अक्षरांत कुठे येत नाहीत. १८८५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे हिंदी बंदरांचे निष्कर्ष आले ते बेयर्ड आणि जॉर्ज डार्विन यांच्या नावाने. जॉर्ज हा चार्ल्स डार्विनचा मुलगा, आणि तरंग वेगळे काढण्याच्या पद्धतीला १८८३ मध्ये शिस्त लावली ती त्याने.

हे झाले समुद्राचे तुकडे करणे. ते पुन्हा जोडून पुढच्या वर्षाचे वेळापत्रक काढणे आणखी रटाळ. दर तासाला वीस कोसाइन पाहायचे, प्रत्येकाला आयामाने गुणायचे, बेरीज करायची. असे वर्षभर, बंदरामागून बंदर. ही मजुरी पितळेवर सोपवायची असे थॉमसनने मनावर घेतले. फिरत्या चाकावरची खुंटी वर-खाली होते ती कोसाइनच्याच चालीने, हे त्याला ठाऊक होते. अडचण बेरजेची होती. १८७२ च्या ऑगस्टमध्ये तो ब्रिटिश असोसिएशनच्या सभेला आगगाडीने ब्रायटनला चालला होता. डब्यात ब्यूशँप टॉवर हा इंजिनिअर होता. त्याने सुचवले की एकच साखळी सगळ्या कप्प्यांवरून ओवून न्या, व्हीटस्टनने तारयंत्रात केले आहे तशी.

झाले. तारेचे एक टोक पक्के बांधायचे, ती एका स्थिर कप्पीवरून, एका हलत्या कप्पीखालून अशी फिरवत न्यायची आणि दुसऱ्या टोकाला लेखणी लावायची. प्रत्येक हलती कप्पी एका काल्पनिक चंद्राची. दातेरी चाकांनी तिचा वेग ठरतो, खुंटीच्या लांबीने आयाम, आणि सुरुवातीला चाक कुठे ठेवले त्यावरून कला. सगळ्या कप्प्यांची वर-खाली हालचाल तारेत आपोआप जमा होते आणि लेखणी पुढच्या वर्षीचा समुद्र कागदावर काढत जाते. पहिल्या यंत्रात दहा तरंग होते. एका बंदराचे वर्ष सुमारे चार तासांत निघे.

१८७९ मध्ये खास हिंदी बंदरांसाठी इंडिया ऑफिसने असेच यंत्र बनवून घेतले. आराखडा नॉटिकल अल्मनॅक कचेरीतल्या एडवर्ड रॉबर्ट्सचा, घडण लंडनच्या लेजे कंपनीची, तरंग वीस. यंत्राचे श्रेय कुणाचे यावरून रॉबर्ट्स आणि थॉमसन यांच्यात पुढे जाहीर खटका उडाला. थॉमसनची कल्पना मूळची असली तरी वर्षानुवर्षे आकडेमोड रेटली ती रॉबर्ट्सने, आणि त्याची तक्रार मला अगदीच अनाठायी वाटत नाही. १८८१ पासून हिंदी बंदरांची छापील कोष्टके निघू लागली. पुण्याच्या बेरजा लंडनला, लंडनच्या यंत्रातून निघालेले आकडे परत मुंबईच्या गोदीत, असा तो फेरा. यंत्र स्वतः १९२१ मध्ये देहरादूनला आले.

भाकीत हाती आल्यावर एक अनपेक्षित लाभ झाला. जे यायला हवे होते ते ठाऊक असले की जे यायला नको होते ते उठून दिसते. २७ ऑगस्ट १८८३ ला जावाजवळ क्राकाटोआ फुटला, आणि हिंदी बंदरांतल्या मापकांच्या शांत रेघेवर नको त्या वेळी दाते उमटले. हजारो किलोमीटर दूरच्या स्फोटाच्या लाटा कुठे, कधी, किती उंच पोचल्या, हे बेयर्डने त्या कागदांवरून मांडून दाखवले.

यंत्राची सर्वांत गाजलेली कामगिरी मात्र हिंदुस्थानातली नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची भाकिते लिव्हरपूलजवळच्या बिडस्टन वेधशाळेत निघत. तिथे दोन यंत्रे होती, एक केल्विनच्या धर्तीचे आणि एक रॉबर्ट्स-लेजे यांचे, अधिक मोठे. एका बॉम्बने दोन्ही जाऊ नयेत म्हणून ती इमारतीच्या वेगवेगळ्या भागांत ठेवली होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये तिथे भाकितांचे काम पाहणाऱ्या आर्थर डूडसनला नौदलाकडून आयाम आणि कला यांच्या अकरा जोड्या आल्या. जागेचे नाव नव्हते. ती नॉर्मंडीची पुळण होती. जर्मनांनी तिथे अडथळे रोवले होते ते भरतीत बुडत, म्हणून सैन्य पहाटेच्या उजेडात, ओहोटी संपून पाणी चढू लागताना उतरवायचे होते. ५ ते ७ जून १९४४ हे दिवस जमत होते, आणि ६ जूनला सैन्य उतरले.

१९६० च्या दशकात संगणक आले आणि पितळी चाके थांबली. कृती बदलली नाही. भारतीय बंदरांची कोष्टके सर्व्हे ऑफ इंडिया काढते ती आजही तरंगांच्या बेरजेनेच. पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत साडेचार मीटरहून उंच भरतीच्या तारखा छापून येतात त्या याच हिशोबातल्या. त्यांची मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. त्या तारखा चंद्र-सूर्याच्या आहेत. वादळाने ढकललेले पाणी किंवा डोंगरावरून उतरलेला पूर त्यांत धरलेला नसतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो कुठल्याच कोसाइनमध्ये नव्हता.

आणखी एक गोष्ट या तरंगांच्या बेरजेत बसत नाही, ती म्हणजे समुद्राची वर्षागणिक वाढत जाणारी पातळी. भरती-ओहोटी वजा केल्यावर जी सरासरी उरते तीत ती दिसते, पण त्यासाठी नोंद शतकभराची तरी हवी. गोदीच्या सोयीसाठी आणि सर्व्हेच्या कामासाठी अपोलो बंदरावर १८७८ मध्ये सुरू झालेली नोंद ही उत्तर हिंदी महासागरातली सर्वांत दीर्घ नोंद आहे, आणि या भागात समुद्र किती चढला हे सांगताना जगभरचे अभ्यासक आधी तिच्याकडे जातात.